नौपाड्यातला फ्रेंचचा क्लास आणि एक दुर्लक्षित काळ

फ्रेंचमधला फ्यूत्यूर आंतेरिअर, म्हणजे आपल्या व्याकरणातला पूर्ण भविष्यकाळ, मुळापासून समजावून देणारा वर्ग ठाण्यात शोधत असाल, तर नौपाड्यातल्या या घरगुती क्लासचा विचार जरूर करावा, असे माझे मत आहे. मात्र दोन अटी आधीच सांगितलेल्या बऱ्या. तिथे जाण्यापूर्वी पासे काँपोझे, म्हणजे बोलण्यातला नेहमीचा भूतकाळ, पक्का झालेला असावा, आणि कान तयार करण्याची सोय आपली आपण करावी लागेल हे गृहीत धरावे.

क्लासला पाटी नाही. राम मारुती रस्त्यालगतच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात तो भरतो, आणि ज्यांना तो माहीत आहे ते त्याला नुसते ‘मॅडमचा फ्रेंचचा क्लास’ म्हणतात. येणारे विद्यार्थी नाना प्रकारचे असतात. बारावीला फ्रेंच घेतलेली मुले असतात, बी वन किंवा बी टू पातळीची डेल्फ, म्हणजे फ्रेंच भाषेची प्रमाणपत्र परीक्षा, देऊ पाहणारे नोकरदार असतात आणि आमच्या तुकडीत तर मुलगी माँत्रेआलला स्थायिक झालेले एक निवृत्त काका होते, ज्यांना नातवाशी त्याच्या शाळेच्या भाषेत बोलायचे होते. वर्षभर चालणाऱ्या नेहमीच्या वर्गांखेरीज मॅडम रविवारी सकाळी छोटे अभ्यासक्रम घेतात आणि प्रत्येक अभ्यासक्रम व्याकरणाच्या एकाच विषयाला वाहिलेला असतो. मी लिहीत आहे ते त्यांपैकी भविष्यकाळांच्या अभ्यासक्रमाविषयी. साधा भविष्यकाळ पहिल्याच बैठकीत उरकला जातो आणि बाकीचा सगळा वेळ पूर्ण भविष्यकाळाला मिळतो. ही वाटणी कागदावर विचित्र दिसते खरी, पण ती योग्य आहे, कारण साध्या भविष्यकाळात पाठांतराने निभावते आणि पूर्ण भविष्यकाळात निभावत नाही.

बहुतेक ठिकाणी हा काळ कोष्टकापुरता शिकवला जातो. पूर्वी मी ज्या एका मोठ्या संस्थेत जात होतो तिथे तर सहायक क्रियापदाचा भविष्यकाळ अधिक पार्तिसीप पासे एवढे सूत्र फळ्यावर लिहून, काही रिकाम्या जागा भरून घेऊन लगेच पुढचा धडा काढला गेला होता. सूत्र बरोबरच असते. आव्वार (जवळ असणे) किंवा एत्र (असणे) यांपैकी योग्य ते सहायक क्रियापद साध्या भविष्यकाळात चालवायचे आणि त्यापुढे मुख्य क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित ठेवायचे, की रूप तयार. ‘जोरे फिनी’ म्हणजे मी संपवलेले असेल, ‘ज सरे पार्ती’ म्हणजे मी निघालेलो असेन. (फ्रेंच उच्चार देवनागरीत जेमतेमच उतरतात, तेव्हा वाचकांनी थोडे सांभाळून घ्यावे.) अडचण रूप तयार करण्यात नसतेच. बोलता बोलता नेमक्या कोणत्या जागी हे रूप वापरावे लागते, ते कोष्टक सांगत नाही, आणि मॅडमचा क्लास सुरू होतो तो बरोबर तिथूनच.

पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर फ्रेंचचे एक अक्षरही न लिहिता एक मराठी वाक्य लिहिले: ‘मी जेवलो की तुला फोन करीन.’ मग विचारले, की या वाक्यातले जेवण झाले आहे की व्हायचे आहे? व्हायचे आहे, हे सगळ्यांनाच मान्य होते. तरीही आपण ‘जेवलो’ म्हणतो, उघडउघड भूतकाळ वापरतो, आणि त्यात कुणालाही वावगे वाटत नाही. हेच वाक्य फ्रेंचमध्ये करा म्हटल्यावर वर्गातल्या निम्म्या लोकांनी ‘जेवलो’ या रूपाला धरून ‘कां जे मांजे’ असा पासे काँपोझे लिहिला. उरलेल्यांनी इंग्रजीच्या वाटेने जाऊन तिथे साधा वर्तमानकाळ घातला. दोन्ही उत्तरे चुकलेली होती. फ्रेंचमध्ये हे वाक्य ‘कां जोरे मांजे, ज तापेलरे’ असे होते: जेवण भविष्यातच राहते, पण फोनच्या आधी पूर्ण झालेले असते, आणि फोन करणे साध्या भविष्यकाळात येते. मॅडम म्हणाल्या, “तुम्ही न झालेल्या गोष्टीला झाली म्हणता, आणि मराठीत ते चालतं. फ्रेंच माणूस तिला भविष्यातच ठेवतो, फक्त दोन कामांपैकी आधी कुठलं उरकणार ते क्रियापदावरच लिहून टाकतो.” या एका वाक्यासाठी मी फी भरली असती.

त्याच अनुषंगाने त्यांनी आणखी एक बारकावा दाखवला, जो पुस्तकांत क्वचितच इतक्या स्पष्टपणे येतो. ‘कां’, म्हणजे ‘जेव्हा’, याच्यानंतर दर वेळी पूर्ण भविष्यकाळच हवा असे नाही. ‘तो येईल तेव्हा आपण जेवू’ या वाक्यात दोन्ही ठिकाणी साधा भविष्यकाळ चालतो, कारण येणे आणि जेवायला बसणे ही जवळजवळ एकाच वेळची गोष्ट म्हणून सांगितलेली आहे. पण ‘तो येऊन पोहोचला की मगच’ असा अर्थ हवा असेल तर ‘कां ईल सरा आरिव्हे’ म्हणावे लागते. म्हणजे काळाची निवड बोलणाऱ्याच्या मनातल्या क्रमावर ठरते. हे कळल्यावर रिकाम्या जागा भरण्याच्या स्वाध्यायात काही ठिकाणी दोन उत्तरे बरोबर का मानली होती, तेही उलगडले.

रूपे घडवण्याच्या भागात मॅडम फार रेंगाळल्या नाहीत, आणि ते बरेच झाले. त्यांनी एक रंजक माहिती मात्र दिली. फ्रेंच भविष्यकाळाची शेवटची प्रत्ययमालिका, ‘जोरे’ मधला ए, ‘त्यू ओरा’ मधला आ, ‘नूझोरों’ मधला ओं, ही मुळात आव्वार या क्रियापदाच्या वर्तमानकाळाचीच रूपे आहेत. लॅटिनच्या उत्तरकाळात धातूपुढे ‘जवळ असणे’ या अर्थाचे क्रियापद जोडून जे संयुक्त रूप वापरले जाई, ते पुढे एकजीव होऊन भविष्यकाळ बनले. म्हणजे ‘जोरे’ या एका शब्दात आव्वार दोनदा दडलेला आहे, आणि ‘जोरे यू’ म्हणजे ‘माझ्याजवळ असून गेलेले असेल’ असे म्हटले की तो तिसऱ्यांदा येतो. परीक्षेत याचा काडीइतका उपयोग नाही, पण त्यानंतर ती रूपे विसरणे मला तरी शक्य झालेले नाही.

अभ्यासक्रमातला सर्वांत भरीव भाग धातुसाधिताच्या लिंगवचनाचा होता, आणि या क्लासचे वेगळेपण मला तिथे दिसले. फ्रेंचमध्ये जाणे, येणे, निघणे, पोहोचणे, चढणे, उतरणे, जन्मणे, मरणे, पडणे, राहणे, होणे अशी मोजकी अकर्मक क्रियापदे आणि सगळी आत्मवाचक क्रियापदे एत्र हे सहायक घेतात, बाकीची आव्वार. हे शिकवण्यासाठी जगभर एक घर काढतात, ज्याच्या दारातून माणूस आत येतो, जिन्याने चढतो, खिडकीतून पडतो वगैरे. तसे ते मॅडमनेही काढले. एत्र असेल तर धातुसाधित सहसा कर्त्याप्रमाणे बदलते. आव्वार असेल तर ते सहसा बदलत नाही, पण कर्म क्रियापदाच्या आधी आले तर मात्र त्या कर्माप्रमाणे बदलते. हा नियम ऐकून इंग्रजी माध्यमातून आलेली मुले हमखास कपाळाला हात लावतात.

मॅडमने इथे पुन्हा मराठी पुढे केली. ‘ती गेली असेल’, ‘ते गेले असतील’: इथे धातुसाधित कर्त्यामागे चालते. ‘तिने पत्र लिहिले असेल’, ‘तिने चिठ्ठी लिहिली असेल’: इथे कर्ता तोच, पण धातुसाधित कर्मामागे गेले. आपण हे दिवसभर बोलतो, शाळेत त्याला कर्मणी प्रयोग म्हणून गुण मिळवतो आणि फ्रेंचच्या वर्गात शिरताच विसरतो. फरक एवढाच, की मराठीत कर्म कुठेही असले तरी क्रियापद त्याचे ऐकते आणि फ्रेंचमध्ये ते आधी येऊन बसले तरच. ‘एल ओरा एक्री ला लेत्र’ म्हणजे तिने पत्र लिहिलेले असेल. यात लेत्र हा शब्द स्त्रीलिंगी असूनही क्रियापद जसेच्या तसे राहते, कारण तो मागून आला. पण ‘ला लेत्र केल ओरा एक्रीत’, म्हणजे तिने जे पत्र लिहिलेले असेल ते, असे म्हटले की धातुसाधिताला स्त्रीलिंगाची ई लागते आणि एरवी मूक असणारा त ऐकू येऊ लागतो. बऱ्याच क्रियापदांत हा बदल केवळ लेखनापुरता असतो, कानाला कळतही नाही. म्हणून उदाहरणासाठी मुद्दाम ऐकू येणारे क्रियापद निवडण्यात शिक्षिकेची जाण दिसली.

याच बैठकीत ‘उतरणे’ या क्रियापदावर चांगला खल झाला. ‘एल सरा देसांद्यू’ म्हणजे ती उतरलेली असेल, तिथे एत्र. पण ‘एल ओरा देसांद्यू ला व्हालीझ’ म्हणजे तिने बॅग खाली आणलेली असेल, तिथे कर्म आल्यामुळे आव्वार. मराठीत आपण ‘उतरणे’ आणि ‘उतरवणे’ अशी दोन क्रियापदे ठेवतो, फ्रेंच एकच क्रियापद दोन सहायकांनी चालवते. चढणे, बाहेर पडणे, परतणे, ओलांडणे अशा आणखी काही क्रियापदांना हे लागू पडते. काकांनी विचारले, “मग म्हातारं होणं कशात मोडतं? तेही आपोआपच होतं की.” मॅडम हसल्या आणि घोडबंदर रस्त्यावरच्या मेट्रोच्या कामाला स्मरून त्यांनी फळ्यावर लिहिले: ‘कां ल मेत्रो ओरा ऊव्हेर, नूझोरों व्ह्येयी.’ मेट्रो सुरू झालेली असेल तेव्हा आम्ही म्हातारे झालेले असू. व्ह्येयीर हे क्रियापद अवस्थेतला बदल दाखवत असूनही आव्वार घेते. तेच ‘दव्हनीर’, म्हणजे बनणे, वापरून सांगायचे तर एत्र घ्यावे लागेल. कासारवडवलीहून येणारी मुलगी म्हणाली, की हे वाक्य तिला जन्मात विसरता येणार नाही.

उभयान्वयी अव्ययांचा भाग लवकर आटोपला. ‘दे क’, ‘ओसितो क’, ‘यून फ्वा क’ ही सगळी ‘झाल्याबरोबर’, ‘एकदा का’ या अर्थाची अव्यये सहसा याच काळाची मागणी करतात. ‘आप्रे क’, म्हणजे ‘नंतर’, याच्यापुढे नियमाने निर्देशार्थी, म्हणजे साधे विधान करणारे, रूप हवे, तर ‘आव्हां क’, म्हणजे ‘आधी’, याच्यापुढे सुब्जाँक्तीफ, म्हणजे इच्छा, शंका अशा अनिश्चित गोष्टींसाठीचे क्रियारूप. पण प्रत्यक्षात अनेक फ्रेंच लोक दोन्हीकडे सुब्जाँक्तीफच वापरतात, आणि फ्रेंच अकादमीने त्याला मान्यता दिलेली नाही. दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असेल तर ‘आप्रे आव्वार मांजे’, म्हणजे ‘जेवून झाल्यावर’, ही आटोपशीर रचना अधिक सहज वाटते, असेही त्यांनी सांगितले. माझ्या मते यावर आणखी थोडा सराव हवा होता, कारण मराठी माणसाच्या तोंडी ‘-ल्यावर’ सतत येते आणि ते दर वेळी कोणत्या फ्रेंच साच्यात ओतायचे हा प्रश्न सुटत नाही.

त्यानंतरच्या रविवारी जे घडले ते ठरवून केले होते की काय, अशी शंका मला अजूनही आहे. डोंबिवलीहून येणारा मुलगा वेळेवर आला नव्हता. मॅडमने त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून, तो का आला नसेल याचा अंदाज प्रत्येकाने फ्रेंचमध्ये सांगावा, असे फर्मान काढले. कुणी म्हणाले ‘ईल ओरा राते सों त्रँ’, त्याची गाडी चुकली असेल. कुणी म्हणाले ‘ईल स सरा आंदोर्मी’, त्याला झोप लागली असेल. काका म्हणाले ‘ईल ओरा ऊब्लिये’, विसरला असेल. रविवारचा मेगाब्लॉक फ्रेंचमध्ये कसा सांगावा यावर वर्ग अडला. पाच-दहा मिनिटांनी तो मुलगा धापा टाकत आला तेव्हा फळ्यावर त्याच्यावरच्या आरोपांची यादी तयार होती.

या खेळातून जे शिकायला मिळाले ते असे. पूर्ण भविष्यकाळाचा फ्रेंचमध्ये दुसराही एक उपयोग आहे, आणि त्याचा भविष्याशी संबंध नाही: होऊन गेलेल्या गोष्टीविषयीचा तर्क. गाडी चुकायची ती चुकून गेलेली आहे, आपल्याला फक्त खात्री नाही. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा उपयोग वेगळा पाठ करावा लागतो, कारण तिथे तर्कासाठी सहसा दुसरीच रचना तोंडी येते. मराठी माणसाला तो फुकटात मिळतो. ‘चुकली असेल’, ‘विसरला असेल’, ‘पोहोचले असतील’ हे आपले रोजचे बोलणे नेमके याच साच्याचे आहे: धातुसाधित आणि त्यापुढे ‘असणे’चे भविष्यकाळी रूप. ठाणेकर तर फलाटावर उभे राहून दिवसातून कितीदा तरी हा प्रयोग करत असतील. आणि हे वाक्यही त्याच साच्यातले झाले. बोलताना मात्र हल्लीचे फ्रेंच लोक अशा तर्कासाठी ‘ईला द्यू राते सों त्रँ’ ही ‘असणारच’ या छटेची रचना अधिक वापरतात आणि पूर्ण भविष्यकाळाचा तर्क थोडा पुस्तकी वाटू शकतो, हे मॅडमने न विसरता सांगितले. शिकवलेल्या गोष्टीचे वजन किती, हे सांगणारे शिक्षक कमी असतात.

कार्यालयीन उपयोगाचा भाग वागळे इस्टेट आणि ऐरोलीत नोकरी करणाऱ्यांना विशेष आवडला. ‘दिसी व्हांद्रदी, जोरे फिनी’, शुक्रवारपर्यंत मी संपवलेले असेल: फ्रेंच ग्राहकाला पाठवायच्या पत्रात हे वाक्य रोज लागते, आणि तिथे साधा भविष्यकाळ वापरला तर काम शुक्रवारी सुरू होणार की संपणार याचा घोळ होऊ शकतो. मुदत सांगणाऱ्या शब्दांसाठी दिलेला स्वाध्याय स्थानिक होता. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. तर एप्रिल २०५३ पर्यंत काय काय झालेले असेल, यावर प्रत्येकाने पाच वाक्ये लिहायची. ‘आं दमिल सँकांत्रवा, ल शमँ द फेर द ठाणे ओरा फेते से द सांझां’, म्हणजे ठाण्याच्या रेल्वेने दोनशे वर्षे साजरी केलेली असतील, येथून सुरुवात होऊन कुणाचे कर्ज फिटलेले असेल, कुणाची इमारत पुनर्विकसित झालेली असेल, तलावपाळीचा कट्टा कितव्यांदा नवा केलेला असेल, असे चांगलेच रंगले. छापील पुस्तकातल्या पारिसच्या पर्यटकांपेक्षा या वाक्यांवर मुलांनी अधिक डोके चालवले.

वृत्तपत्री फ्रेंचमध्ये या काळाचा जो तिसरा उपयोग दिसतो, तो शेवटच्या बैठकीत आला. एखाद्या घडून गेलेल्या गोष्टीचा लेखाजोखा मांडताना ‘ईल ओरा फाल्यू आतांद्र’, अखेर वाट पाहावी लागली, अशी सुरुवात करतात. उदाहरण होते फ्रेंच स्त्रियांच्या मताधिकाराचे, ज्यासाठी १९४४ पर्यंत थांबावे लागले आणि ज्याचा प्रत्यक्ष वापर १९४५ मध्ये झाला. इथे काळ भविष्याचा, घटना ऐंशी वर्षांपूर्वीची, आणि सूर मागे वळून हिशेब लावण्याचा. बी टू पातळीवर लेख वाचणाऱ्याला हे माहीत नसेल तर तो गोंधळतो. त्याच दिवशी ‘ऑनोरा तू व्ह्यू’ हा वाक्प्रचार आला. शब्दशः तो ‘आपण सगळे पाहिलेले असेल’ असा होतो, पण बोलताना तो ज्या वैतागाने टाकला जातो त्याला मराठीत ‘आता एवढंच बघायचं राहिलं होतं!’ हे चपखल बसते. ‘त्यू लोरा व्हूल्यू’ म्हणजे तूच ओढवून घेतलेस. असे वाक्प्रचार आणखी हवे होते. शेवटची बैठक उजळणीत अडकली आणि या भागाला उरलेली पंधरा-वीस मिनिटेच मिळाली, ही नियोजनाची चूक आहे.

उणिवांत मला सर्वांत खटकली ती श्रवणाची. डेल्फ परीक्षेत चार भागांना प्रत्येकी २५ गुण असतात, उत्तीर्ण होण्यासाठी एकूण ५० लागतात आणि कोणत्याही एका भागात ५ पेक्षा कमी मिळाले तर बाकीचे व्यर्थ जातात. यातला एक पूर्ण भाग केवळ ऐकण्याचा आहे. या काळात तर ऐकण्याचे सापळे पावलोपावली आहेत. ‘जोरे फिनी’, मी संपवलेले असेल, आणि ‘मी संपवले असते’ या अर्थाचे संकेतार्थी रूप, यांत लेखनात एका एसचा फरक असतो आणि अनेक फ्रेंच लोकांच्या उच्चारात तोही उरत नाही. अर्थ आजूबाजूच्या वाक्यावरून लावावा लागतो. ‘ईलझोरों’ आणि ‘ईल सरों’ यांतला झ आणि स नीट न ऐकल्यास आव्वारचा एत्र होतो. मॅडमचे स्वतःचे उच्चार स्वच्छ आहेत, पण एकच आवाज, तोही संथ आणि ओळखीचा, ऐकून कान तयार होत नाहीत. भिंतीवर स्पीकर आहे, तो संपूर्ण अभ्यासक्रमात एकदाही लावला गेला नाही.

दुसरी उणीव नियमातली आहे. ‘सी’ म्हणजे ‘जर’ याच्यापुढे कधीही भविष्यकाळ येत नाही, ‘तू संपवलेले असेल तर’ हे पासे काँपोझेनेच सांगायचे, हा नियम त्यांनी ठासून शिकवला आणि तो ठासून शिकवायलाच हवा, कारण ‘की’ आणि ‘तर’ यांतला फरक मराठी बोलताना सहज पुसला जातो. पण ‘की नाही’ या अर्थाने तोच ‘सी’ आला, उदाहरणार्थ ‘त्याने संपवलेले असेल की नाही मला ठाऊक नाही’, तर पुढे पूर्ण भविष्यकाळ येऊ शकतो, हे सांगायचे राहून गेले. मी विचारल्यावर त्यांनी लगेच मान्य केले आणि उदाहरणही दिले. तरीही ते टिपणात असायला हवे होते. टिपणांविषयी बोलायचे तर सगळे स्पष्टीकरण त्यात इंग्रजीत आहे. ज्या मराठी वाक्यांच्या जोरावर हा काळ वर्गात उलगडतो त्यांतले एकही त्या कागदांवर छापलेले नाही, त्यामुळे ज्याने स्वतःच्या वहीत उतरवून घेतले नाही त्याच्या हाती घरी गेल्यावर पुन्हा तेच कोष्टक उरते.

स्वाध्याय मात्र त्या मन लावून तपासतात. लाल शाईने नुसती काट मारत नाहीत, चूक सहायक क्रियापदाची आहे, लिंगवचनाची आहे की क्रमाची, हे समासात खुणेने दाखवतात, आणि क्रमाची चूक असेल तर वाक्य मराठीत पुन्हा लिहून आणायला सांगतात. काही मुलांना हा जाच वाटला. मला त्यातून सर्वाधिक मिळाले.

फी चार हजार रुपये आहे, टिपणांसह, आणि ती आगाऊ घेतात. एखादी बैठक चुकली तर ती पुढच्या तुकडीत भरून काढता येते, पण पुढची तुकडी कधी, हे पुरेसे विद्यार्थी जमण्यावर अवलंबून असते. खोलीत दहा-बारा माणसे बसतात, त्याहून अधिक घेत नाहीत. रस्त्याच्या बाजूची खिडकी उघडी असेल तर मागच्या रांगेत ऐकू येत नाही, तेव्हा लवकर येऊन पुढे बसावे. दुचाकी लावायलाही जागा मिळणे कठीण असल्याने स्टेशनवरून चालत येणेच सोयीचे. आधी फोन केल्यास मॅडम दहा वाक्यांची एक छोटी चाचणी पाठवतात. त्यात एत्र घेणारी क्रियापदे आणि ‘प्री’, ‘मी’, ‘ऊव्हेर’, ‘ल्यू’, ‘व्ह्यू’ अशी अनियमित धातुसाधिते विचारलेली असतात. निम्म्याहून अधिक चुकल्यास त्या आधी भूतकाळांचा अभ्यासक्रम करायला सांगतात, आणि तो सल्ला मानावा.